निम्न सेपीक भाषाकुल

पापुआ न्यू गिनीच्या उत्तर भागात सेपीक नदीच्या खालच्या खोऱ्यात बोलल्या जाणाऱ्या सहा भाषांचे लहानसे कुल. मुरिक व कोपार या नदीमुखाजवळच्या, तर आंगोराम, चांब्री, कारावारी आणि यिमास या आतल्या भागातील भाषा होत. मार्गारेट मीड यांनी १९३५ मध्ये ज्यांच्याविषयी लिहिले, ते ‘चांबुली’ लोक म्हणजेच चांब्रीभाषक.

के. लाउमान यांनी १९५१ मध्ये हे कुल ‘नोर-पोंडो’ या नावाने ओळखले. पुढे डॉनल्ड लेकॉक यांनी १९७३ मध्ये ते सुमारे शंभर भाषांच्या ‘सेपीक-रामू’ या महाकुलात घातले. हे महाकुल आता कोणी मानत नाही. त्यातील पुष्कळशी जोड तुटपुंज्या साम्यांवर आधारलेली होती. विल्यम फोली यांनी ते नाकारले. सहा भाषांचे मूळ कुल मात्र कायम राहिले.

याचे कारण पुराव्याच्या जातीत आहे. यिमासमध्ये नामांचे दहाहून अधिक वर्ग आहेत. काही अर्थावरून, तर काही शब्दाच्या अंत्य ध्वनीवरून ठरतात. हे वैशिष्ट्य अभ्यासकाच्या चटकन डोळ्यांत भरते. पण ध्वनीवरून ठरणारे वर्ग शेजारच्या, वेगळ्या कुलातील आरापेशमध्येही आढळतात. तेव्हा केवळ त्यावरून नाते सिद्ध होत नाही. सर्वनामांची गोष्ट वेगळी. ‘मी’ या अर्थी यिमास व कारावारीत ‘आमा’, आंगोराममध्ये ‘आमी’, मुरिकमध्ये ‘मा’. ‘तू’ या अर्थी सर्वत्र ‘मि’. अशी संपूर्ण मालिका उसनी घेतली जाणे दुर्मिळ. नदीवरील व्यापारात यिमास व आराफुंडी लोकांमध्ये यिमासवर आधारित एक मिश्र बोली निर्माण झाली होती. तीत मूळ भाषेची गुंतागुंत बरीच गळालेली दिसते. संपर्क भाषेचे काय करतो, हे त्यावरून कळते.

सु. ६,००० वर्षांपूर्वी हे सखल खोरे समुद्राखाली होते व पुढे गाळाने भरत गेले. साहजिकच मुरिक व कोपार यांची नदीमुखावरील आजची वस्ती फार जुनी असू शकत नाही. रामू खोऱ्यातील भाषांशी या कुलाचा दूरचा संबंध फोली व माल्कम रॉस यांनी २००५ मध्ये मांडला. त्याचा पुरावा मात्र कुलांतर्गत पुराव्याइतका भक्कम नाही. कोपार व यिमास यांची जागा टोक पिसिन घेत असल्याने नवी सामग्री मिळण्याचा अवधी थोडा आहे.