कडेवरचे मूल आणि आपली सहल

गेल्या महिन्याच्या बैठकीत यंदाच्या हिवाळी सहलीचा विषय निघाला आणि नेहमीप्रमाणे एका प्रश्नापाशी येऊन अडला. पाच वर्षांच्या आतील मुले सहलीला आणावीत की आणू नयेत? काही जणींचे म्हणणे पडले की, मुले आली म्हणजे त्यांची रडारड, खाणेपिणे आणि शी-शू यांतच दिवस सरतो. बायकांची सहल मग बायकांची राहत नाही. त्यात खोटे काही नव्हते. पण कोपऱ्यात दोघी-तिघी तरुण मैत्रिणी काही न बोलता बसल्या होत्या. मुले नकोत असे ठरले, तर आपलेही येणे व्हायचे नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला.

स्मरणिकेसाठी काहीतरी जुने लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा याच प्रश्नाची मागची हकीकत लिहावी असे मी मनाशी ठरविले. मी कोणी इतिहासकार नव्हे. परंतु माझा जन्म १९५२ चा, पुण्यातल्या पेठेतला. येथेच शिकले, येथेच नांदले. आजीने सांगितलेले, डोळ्यांनी पाहिलेले आणि थोडेबहुत वाचलेले असे एकत्र करून पुढे ठेवीत आहे.

माझ्या आजीच्या तोंडी ‘सहल’ हा शब्द कधी आला नाही. बायकांनी घराबाहेर पडायचे ते देवाला, व्रताला, नाही तर कोणाकडे हळदीकुंकवाला. आणि यातल्या बहुतेक वाटा मुलाच्या निमित्ताने मोकळ्या होत. बाळंतीण सव्वा महिन्याची झाली की मुलाला देवाच्या पायांवर घालायला निघे. कित्येक दिवसांनी तिला उंबऱ्याबाहेरचे ऊन लागे ते असे. पुणेकरांना त्यासाठी पर्वती जवळची. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली तेथे देवदेवेश्वराचे मंदिर बांधले. पायथ्याशी त्यांनीच तळे करविले आणि त्या तळ्यातल्या बेटावर सवाई माधवरावांनी १७८४ साली गणपती बसविला. तोच आपला तळ्यातला गणपती. पुढे तळे बुजले, भोवती बाग झाली आणि आजची मुले त्या जागेला सारसबाग म्हणून ओळखतात. मुलाला कडेवर घेऊन पर्वतीच्या शंभरावर पायऱ्या चढायच्या म्हणजे दम लागे. पण वर पोहोचल्यावर सगळे पुणे एका नजरेत दिसे. आजी म्हणे, “देवाचे दर्शन पाच मिनिटे आणि गावाचे दर्शन अर्धा तास!”

वर्षाचे महिने जसे फिरत, तशा या वाटाही फिरत. चैत्रात हळदीकुंकवाला घरोघर जायचे. आंब्याची डाळ आणि पन्हे मुलांच्या वाट्याला, भिजवलेले हरभरे ओटीत. श्रावणात नागपंचमीला वारुळाला जाणे आणि झोके. नवरात्रात चतुःशृंगीची जत्रा. तेथून पिपाणी आणि भिंगरी घेतल्याशिवाय मूल परत फिरत नसे. कार्तिकात आवळीभोजन. आवळ्याच्या झाडाखाली पूजा करायची आणि त्याच सावलीत जेवायचे, हा विधी. पण आमच्या आळीतल्या बायकांना तो वनभोजनाचाच दिवस वाटे. त्रिपुरी पौर्णिमेला पणत्या पाहायला जायचे. मार्गशीर्ष-पौषात कोणाचे शेत असले तर हुरडा. आगटीत भाजलेली कणसे हातावर चोळून द्यायची आणि सोबत लसणीची चटणी, मुलांना गूळ.

निघण्याची तयारी काय असे, तेही सांगते. दशम्या, कारण दुधात भिजवलेल्या पिठाच्या त्या दुसऱ्या दिवसापर्यंत नरम राहतात. दहीभात, मेतकूट, फिरकीच्या तांब्यात पाणी. मुलासाठी दुपटी, थंडीत कुंची, आणि दृष्ट लागू नये म्हणून गालावर तीट. हे सगळे बांधायचे कोणी आणि सांभाळायचे कोणी, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारीत नसे.

हे सारे तिथीवर चाले. तिथी मंगळवारी येवो की गुरुवारी, बायका आणि मुले निघत. पुरुष कामावर असत. पुढे मात्र तिथीची जागा हळूहळू वाराने घेतली. मुंबईच्या गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० साली रविवारची सुटी मिळाली. कचेऱ्या आणि शाळाही रविवारीच बंद. तेव्हा कुटुंब म्हणून सगळ्यांनी मिळून बाहेर पडायचे तर रविवारच उरला. तिकडे १८५८ साली खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत आगगाडी आली आणि १८६३ साली बोरघाटाचे काम पुरे होऊन मुंबई-पुणे अखंड जोडले गेले. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना घेऊन आजोळी जाणे त्यामुळे सोपे झाले. गावातल्या गावात टांगा होता. १९५० साली पुण्याची महानगरपालिका झाली आणि त्याच साली शहराची बससेवा तिने आपल्याकडे घेतली. चार माणसे, दोन पिशव्या आणि एक तान्हे मूल यांना स्वस्तात बंडगार्डन किंवा एम्प्रेस गार्डनपर्यंत जाता येऊ लागले.

या बागांमुळे आणखी एक फरक पडला. देवळात गेलेल्या मुलाने गप्प बसावे अशी अपेक्षा असे. बागेत त्याने धावावे अशी अपेक्षा असते. मूल आता निमित्त राहिले नाही. सहल त्याच्यासाठीच निघू लागली. १९५३ साली पालिकेने पर्वतीच्या पायथ्याशी पेशवे पार्क उभारले. सवाई माधवरावांना जनावरांचा शौक होता आणि त्यांचा शिकारखाना याच परिसरात होता, तेव्हा जागेला ते शोभलेही. तेथे ८ एप्रिल १९५६ रोजी ‘फुलराणी’ ही लहान मुलांची आगगाडी सुरू झाली. तो दिवसही रविवारच होता.

त्याच उन्हाळ्यात मी तीत बसले. मी चार वर्षांची, धाकटा भाऊ वर्षाचाही नव्हता. अण्णांनी मला पुढच्या डब्यात बसवून घेतले. शिट्टी झाली, गाडी हलली आणि कुंपणाशी उभी असलेली आई मला दिसली. एका कडेवर भाऊ, दुसऱ्या हातात डब्याची पिशवी आणि काखेत छत्री. मी हात हलवला. तिला हलवायला हात मोकळा नव्हता, म्हणून ती नुसती हसली. एवढेच मला आठवते. त्या वेळी त्यात काही लक्षात ठेवण्याजोगे आहे असे मात्र वाटले नव्हते.

पुढे १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचेही फुटले आणि नदीकाठचे पुणे वाहून गेले. आमचे घर उंचावर, म्हणून वाचले. त्या साली कार्तिकात आवळीभोजनाला आमच्या आळीतले कोणीही नदीकडे गेले नाही. आईने अंगणात कुंडीत आवळ्याची फांदी रोवली आणि तिच्यापुढे पाने मांडली. शेजारच्या वाड्यात आसऱ्याला आलेली पूरग्रस्त कुटुंबे होती, त्यांची मुलेही आमच्या पंगतीला बसली. मुलांना ऋतू चुकवता येत नाही, असे आई म्हणाली होती. मोठ्यांचे काहीही होवो, मुलाच्या वर्षात हुरडा, बोरे आणि कैरी आपापल्या वेळी यायला हवीत, हे तिचे मत शेवटपर्यंत टिकले.

आता बायकांकडे वळते. स्त्रियांनी स्त्रियांसाठी घराबाहेर एकत्र येणे, ही गोष्ट पुण्याला नवी नाही. पंडिता रमाबाईंनी १८८२ साली येथे आर्य महिला समाज काढला. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सेवासदनाचे काम उभे राहिले. मुलाचे किंवा देवाचे निमित्त न करता बाई बाहेर पडू शकते, हे त्या पिढीने बोलणी सोसून दाखविले. आपली मंडळे त्याच वाटेने पुढे आली. म्हणून मुले नकोत म्हणणाऱ्या भगिनींचे मला मनापासून पटते. एक दिवस तरी आपण कोणाची आई, कोणाची आजी म्हणून नव्हे, तर आपण म्हणून जावे, ही इच्छा साधी नाही. तिच्यामागे शंभरावर वर्षे आहेत.

परंतु दुसरीही एक बाजू आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे १९५७ पासून ते कोसबाडला नेले. शाळेत येऊ न शकणाऱ्या मुलांसाठी त्यांनी शाळाच अंगणात नेली. ज्यांना येता येत नाही, त्यांनी का येऊ नये याची कारणे मोजण्यापेक्षा आपली व्यवस्था बदलावी, हा त्यातला धडा. पाने, दगड, बिया हीच त्या मुलांची खेळणी आणि तीच पाटी. लहान मुलाला झाडाखाली नेणे ही करमणूक नसून त्याचे शिक्षण आहे, हे आपण त्यांच्याकडून शिकलो.

मग मूल आणावे की नाही? माझे उत्तर मला १९८० च्या हिवाळ्यात मिळाले. माझी मुलगी चार वर्षांची होती. रविवार पाहून आम्ही पेशवे पार्कमध्ये गेलो. आई बरोबर होती. हे मुलीला घेऊन फुलराणीत बसले आणि मी पिशवी धरून कुंपणाशी उभी राहिले. आई शेजारी होती. ती सहज म्हणाली, “मीसुद्धा इथेच उभी होते गं. तू हात हलवला होतास.”

मी विचारले, “नंतर कधी बसली होतीस की नाही?”

“नाही बाई. कोणी ना कोणी कडेवर असायचंच. आणि पिशवी कुणाकडे द्यायची?”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण मला बोलवेना. चोवीस वर्षांत आम्ही त्या बागेत किती वेळा गेलो असू! दर वेळी आईने दशम्या बांधल्या, दर वेळी तिने चपला राखल्या, आणि तिला एकदाही कोणी विचारले नाही. त्या कोणींमध्ये मीही होते. गाडी परत आली तशी मी पिशवी यांच्या हातात दिली आणि पुढच्या फेरीला आईला घेऊन बसले. नात मांडीवर. आई म्हणाली, “अगदीच बुटकी आहे हो!” आणि पूर्ण फेरीभर ती बाहेर पाहत राहिली. उतरताना तिने एवढेच विचारले, “यांनी डबा उघडा तर नाही ना ठेवला?”

२००५ साली पेशवे पार्कातले प्राणिसंग्रहालय बंद झाले आणि जनावरे कात्रजला गेली. आई आता नाही. पण सहलीचा विषय निघाला की मला कुंपणाशी उभी असलेली ती बाई दिसते. तिची अडचण मूल ही नव्हतीच. मूल आणि पिशवी या दोन्ही गोष्टी एकटीनेच धरायच्या, ही तिची अडचण होती.

म्हणून भगिनींनो, पुढच्या बैठकीसाठी माझी सूचना अशी. मुले अवश्य यावीत. मात्र त्यांची पाळी लावावी. दर तासाला चौघी जणी मुले आणि सामान पाहतील. बाकीच्या हिंडतील, गातील, वाटल्यास नुसत्या झाडाखाली पाय पसरून बसतील. यादीत पहिली नावे आम्हा आजीबाईंची घालावीत. आमच्या हातून तेवढे निश्चित होईल. ज्यांना मुलांशिवायची सहल हवी आहे, त्यांच्यासाठी वर्षातून एक दिवस वेगळा काढावा आणि त्या दिवशी मुले घरी कोण सांभाळणार, हे घरातल्या पुरुषमंडळींनी ठरवावे. त्यांनाही रविवारची सुटी असतेच.

हुरड्याचे दिवस जवळ आले आहेत. पहिल्या तासाची पाळी माझी.