‘येथे’ म्हणजे कोठे? सापेक्ष फाइलमार्गाच्या अर्थनिर्णयाचा इतिहास

‘येथे’ या शब्दाला स्वतःचा ठिकाणा नसतो. उच्चारणारा जेथे उभा असेल, तेथून त्याचा अर्थ लावावा लागतो. अशा दर्शक शब्दांसाठी कार्ल ब्यूलर याने १९३४ मध्ये वक्ता, स्थळ व काळ यांचा एक मूलबिंदू कल्पिला. संगणकातील सापेक्ष फाइलमार्ग हाही दर्शक शब्दच होय, आणि त्याच्या इतिहासातील घोटाळा मूलबिंदूविषयीचाच आहे.

फोल्डरात फोल्डर ही वृक्षरचना डेली व न्यूमन यांनी मल्टिक्सच्या १९६५ मधील आराखड्यात मांडली. ‘चालू फोल्डरा’पासून मार्ग मोजण्याची सोयही तीत होती. युनिक्समध्ये एका टिंबाने ‘येथे’ व दोन टिंबांनी ‘एक पायरी वर’ या खुणा रूढ झाल्या. आज्ञा देणारा एकटाच असल्यामुळे येथवर संदिग्धतेला जागा नव्हती.

रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये प्रसृत केलेल्या पीएचपीसारख्या भाषांत एका पानात दुसरी फाइल अंतर्भूत होऊ लागली, आणि वक्ते दोन झाले. ‘लेख’ फोल्डरातील पान ‘समाईक’ फोल्डरातील ‘शीर्ष’ ही फाइल आत घेते, व ‘शीर्ष’ म्हणते : येथील ‘मेनू’ आणा. हे ‘येथे’ कोणाचे? ‘मी उद्या येतो, असे तो म्हणाला’ या मराठी वाक्यात ‘मी’ हा उद्धृत वक्ताच राहतो. पीएचपीचा नियम याच्या उलट पडला. टिंबाने आरंभ होणारा मार्ग ती चालू फोल्डरापासून मोजते, आणि वेब सर्व्हरवर चालू फोल्डर हे सामान्यतः मूळ पानाचे असते. म्हणून ‘मेनू’चा शोध ‘लेख’मध्ये होतो. तेथे तो नसल्यास निदान सूचना तरी मिळते. त्याच नावाची भलतीच फाइल असल्यास मात्र ती निमूटपणे आत येते. हा दुसरा प्रकार अधिक घातक, कारण चूक झाल्याचे कोणी सांगत नाही. तोच कार्यक्रम आज्ञापटलावरून चालविला की चालू फोल्डर पुन्हा बदलते, ते वेगळेच.

उपाय म्हणून प्रोग्रामर प्रथम फाइलच्या पूर्ण नावातून तिचा फोल्डर काढून घेत. २००९ मध्ये पीएचपीच्या ५.३ या आवृत्तीने त्यासाठी ‘डिर’ हा स्थिरांकच दिला. ज्या फाइलीत तो लिहिला असेल, तिचेच फोल्डर तो सांगतो. ‘मी’ पुन्हा उद्धृत वक्त्याकडे आला.

ब्राउझरच्या बाबतीत मात्र हा उपाय लागू पडत नाही. फील्डिंग यांनी १९९५ मध्ये लिहिलेल्या आरएफसी १८०८ प्रमाणे सापेक्ष पत्ता दस्तऐवजाच्या आधार-पत्त्यापासून मोजला जातो, आणि दस्तऐवजात तो दिला नसेल तर पान ज्या पत्त्यावरून आले तोच आधार ठरतो. ‘शीर्ष’ ही निराळी फाइल होती, हे ब्राउझरला ठाऊकच नसते. तीतील चित्राचा पत्ता तिरप्या रेघेने सुरू केल्यास तो संकेतस्थळाच्या मुळापासून मोजला जातो. तीच रेघ युनिक्स सर्व्हरवरील पीएचपीला डिस्कचे मूळ दाखविते.