श्वासाधारित बायोफीडबॅक उपकरणे

नाडीची लय, त्वचेवरचा घाम किंवा बोटांचे तापमान अशा एरवी लक्षात न येणाऱ्या शारीरिक बदलांचे मापन करून ते वापरणाऱ्याला तत्क्षणी दिव्याने, आवाजाने किंवा आलेखाने दाखवणारी, मुठीत मावणारी यंत्रे. मुख्य उपयोग ताण हलका करण्यासाठी. यंत्र शरीरावर स्वतः काहीच करीत नाही. करायचे ते वापरणाऱ्याने, श्वास संथ करून. त्याचा परिणाम झाला की नाही, एवढेच यंत्र सांगते.

नाडी आणि श्वास यांचे नाते हा या यंत्रांचा पाया आहे. श्वास आत घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना मंदावते. श्वासाबरोबर होणारा असा चढउतार इंग्लंडमधील स्टीव्हन हेल्स यांनी १७३३ मध्ये घोड्यात नोंदवला. कार्ल लुडविग यांनी १८४७ मध्ये कुत्र्याच्या बाबतीत त्याचा आलेखच काढला. हा चढउतार म्हणजे बिघाड नव्हे. तरुण, निरोगी माणसात तो ठळक असतो आणि वयाबरोबर ओसरतो. मेंदूपासून हृदयापर्यंत येणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा हृदयावरचा लगाम श्वास सोडताना घट्ट होतो, घेताना सैल पडतो.

दुसरी लय रक्तदाबाची. दाब वाढला की धमन्यांच्या भिंतींतील संवेदक मेंदूला वर्दी देतात, हृदय मंदावते, दाब उतरतो; मग उलट दिशेने तेच. हा फेरा साधारण १० सेकंदांचा असतो. विश्रांतीत प्रौढ माणूस मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो. तो ६ च्या आसपास आणला, तर श्वासाचा फेराही १० सेकंदांचा होतो, दोन्ही लाटा जुळतात आणि नाडीचा चढउतार एकदम मोठा होतो. झोका परत येतो नेमक्या त्याच क्षणी त्याला ढकलावे, तसेच हे. रशियन शास्त्रज्ञ एव्हगेनी वाशिलो आणि अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ पॉल लेहरर यांनी या तत्त्वावर प्रशिक्षणाची पद्धत बसवली. नेमका आकडा मात्र माणसागणिक बदलतो: कुणाचा साडेचार, कुणाचा साडेसहा. उंच माणसांचा बहुधा कमी.

यंत्रे येण्याच्या शतकानुशतके आधी माणसांनी या गतीपाशी पोचण्याच्या वाटा शोधल्या होत्या. इटलीतील लुचानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापलेल्या अभ्यासात २३ निरोगी व्यक्तींकडून लॅटिनमधील जपमाळेची प्रार्थना आणि बौद्ध मंत्र म्हणवून घेतले. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या घरात आला.

बायोफीडबॅक ही विद्याशाखा अमेरिकेत १९६० च्या दशकात उभी राहिली. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे तिची संशोधन संस्था स्थापन झाली. त्या उत्साहामागे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील नील मिलर यांचे प्रयोग होते. स्नायू लुळे केलेले उंदीर बक्षिसाच्या आशेने हृदयाची गती बदलायला शिकतात, असे त्यांत दिसले होते. पुढे ते निष्कर्ष खुद्द मिलर यांच्या प्रयोगशाळेतही पुन्हा मिळेनात. पाया असा हलला, तरी इमारत टिकली, कारण माणसांवरचे काम तोवर स्वतंत्रपणे वाढले होते. कॅन्सस राज्यातील मेनिंजर फाउंडेशनमध्ये एल्मर आणि अ‍ॅलिस ग्रीन हे दांपत्य अर्धशिशीच्या रुग्णांना तळहात ऊबदार करायला शिकवत असे. तेथेच १९७० मध्ये योगी स्वामी राम यांच्यावर मोजमापे झाली. त्यांनी हृदय ‘थांबवले’, तेव्हा आलेखात ते मिनिटाला सुमारे ३०० च्या वेगाने फडफडताना दिसले.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध लोणावळ्याच्या कैवल्यधामातून येतो. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये ही संस्था स्थापन केली आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू करून आसन-प्राणायामाचे शारीरिक परिणाम उपकरणांनी तपासायला आरंभ केला. १९५७ च्या सुमारास मॅरियन वेंगर आणि बसू बागची यांनी भारतात योग्यांची मोजमापे घेतली, त्या ठिकाणांत लोणावळाही होते. हृदय थांबवल्याचा दावा याही वेळी टिकला नाही: छाती आवळल्याने नाडी हाताला लागेनाशी होई, ठोके चालूच असत.

हातातल्या यंत्रांत माँट्रियलच्या थॉट टेक्नॉलॉजी या कंपनीचे ‘जीएसआर २’ जुन्यांपैकी. दोन बोटे त्यावर ठेवायची. घाम कमी होईल तसा त्याचा सूर उतरत जातो. इस्रायलमधील ‘रेस्परेट’ छातीच्या पट्ट्याने श्वास मोजते, कानात सूर वाजवून त्याची गती मिनिटाला १० च्या खाली आणते. उच्च रक्तदाबासाठी ते डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला अमेरिकेत २००२ मध्ये परवानगी मिळाली. ‘स्ट्रेसइरेझर’ पडद्यावर नाडीची लाट काढी आणि लाटेच्या माथ्यावर छोटा त्रिकोण दाखवून ‘आता सोडा’ असे सुचवी. ते नंतर बाजारातून गेले. हार्टमॅथ या कंपनीचे ‘ईएमवेव्ह’ अंगठ्याने किंवा कानाच्या पाळीने नाडी घेते. लाल, निळा, हिरवा असे त्याचे दिवे. नाडी घेण्याची युक्ती कोविडकाळात घरोघरी पोचलेल्या ऑक्सिमीटरमधलीच: त्वचेतून प्रकाश सोडायचा आणि रक्ताच्या प्रत्येक लोंढ्याबरोबर तो किती बदलतो ते पाहायचे. म्हणूनच हात गार असले की वाचन बिघडते.

हिरवा दिवा नेमके काय सांगतो? नाडीची लाट किती एकसुरी आहे, इतकेच. कर्जाच्या हप्त्याची चिंता डोक्यात घोळत असतानाही पाच सेकंद घेणे, पाच सेकंद सोडणे शिस्तीत चालू ठेवले, तर दिवा हिरवा होऊ शकतो. हार्टमॅथ श्वासासोबत कृतज्ञतेसारखी भावना मनात आणायला सांगते. हृदयाच्या चुंबकीय क्षेत्राविषयीही तिचे बरेच दावे आहेत. यंत्र वापरण्यासाठी ते दावे पटलेच पाहिजेत असे नाही.

पुरावा संमिश्र आहे. नाडीच्या चढउतारावर आधारित प्रशिक्षणाच्या २४ अभ्यासांचा, एकूण ४८४ जणांचा आढावा २०१७ मध्ये निघाला. त्यात लोकांनी स्वतः सांगितलेला ताण आणि चिंता लक्षणीयरीत्या घटली होती. परंतु बायोफीडबॅक आहे की नाही, हे वापरणाऱ्यापासून लपवणे अवघड, त्यामुळे अपेक्षेचा वाटा किती ते कळत नाही. इंग्लंडमधील संशोधकांनी २०२३ मध्ये, यंत्राविना, ४०० जणांवर हीच शंका तपासली. काहींना मिनिटाला साडेपाच, काहींना बारा श्वासांची लय रोज १० मिनिटे, चार आठवडे दिली. मानसिक स्वास्थ्याच्या बाबतीत दोन गटांत एकमेकांच्या तुलनेत फरक दिसला नाही. रेस्परेटच्या बाबतीत, उत्पादकाचे पाठबळ असलेले अभ्यास वगळले की रक्तदाबावरचा परिणाम मावळतो. तेव्हा ही यंत्रे औषधाची जागा घेऊ शकत नाहीत. श्वास संथ कसा राहतो हे शिकवायला ती चांगली, आणि गती अंगवळणी पडली की पुष्कळांना त्यांची गरज उरत नाही.

नाडी मुळात अनियमित असेल, पेसमेकर बसवला असेल किंवा बीटा-ब्लॉकर गोळ्या चालू असतील, तर आकडे फसवे येतात. नवशिक्यांची नेहमीची चूक वेगळी असते: श्वास संथ करताना तो फार खोल घेतला जातो, रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, गरगरते, बोटांना मुंग्या येतात. अशा वेळी गती तीच ठेवून श्वास उथळ करावा. यंत्रावर विसंबू नये. ते हा वायू मोजत नाही आणि चक्कर येत असतानाही दिवा हिरवाच राहू शकतो.