चाकरमान्यांचा जिल्हा



ज्याच्या घरातलं कोणीच कधी मुंबईला गेलं नाही, असं मूल आपल्या वर्गात शोधूनही सापडलं नसतं. ‘चाकरमानी’ हा शब्द आपल्याला पुस्तकातून कळला नाही, तो दर गणपतीत आणि शिमग्याला घरी येत असे. तरीही रत्नागिरी जिल्ह्याच्या या स्थलांतराचा धडा इतिहासाच्या तासाला कधी आला नाही. तो इथे थोडक्यात मांडते.

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापड गिरणीसाठी कंपनी काढली आणि १८५६ मध्ये गिरणी सुरू झाली. पुढे परळ-लालबाग भागात धुराडी वाढत गेली. गिरण्यांना माणसं हवी होती आणि कोकणात कातळाची जमीन, भाताचं एकच पीक, त्यातही खोताचा वाटा. माणसं बोटीनं मुंबई गाठू लागली. गिरणीतला जॉबर आपल्या गावची, नात्यातली माणसं भरती करी. त्यामुळे एका वाडीतले अनेक जण एकाच गिरणीत दिसत. १९११ च्या शिरगणतीत मुंबईतल्या दर दहा जणांपैकी सुमारे आठ जण शहराबाहेर जन्मलेले होते.

या स्थलांतराची एक खूण होती: गडी जाई, कुटुंब गावी राही. गाववाल्यांच्या खोलीत पाळीपाळीनं झोपायचं, खानावळीत जेवायचं आणि उरलेले पैसे गावी पाठवायचे. टपाल खात्याची मनीऑर्डर १८८० पासून सुरू झाली आणि आपल्याकडच्या कित्येक घरांची चूल तिच्यावर पेटली. पण उपकार एकतर्फी नव्हते. बायकामुलांचं पोट निदान काही महिने गावचं भात भरत होतं, म्हणून गिरणीचा तुटपुंजा पगार पुरत होता. १८९६ च्या प्लेगात मुंबईतून पळालेल्यांना गावानंच आसरा दिला. संप, आजारपण, म्हातारपण हा सगळा खर्चही गावानं सोसला. त्यातला मोठा भार बायकांवर होता. लावणी, गुरं, सासू-सासरे, सगळं त्यांनीच ओढलं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांतल्या अनेकांना पुन्हा गिरणीचं दार उघडलं नाही. आपल्या वर्गात मुंबईच्या शाळेचा दाखला घेऊन आलेली मुलं आठवतात ना? ती मुलं याच इतिहासातली.

मग आपली पिढी निघाली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, तेव्हा आपण बारावीला होतो. कोणी डिप्लोमा केला, कोणी पदवी घेतली. मी अभियांत्रिकी शिकून पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये स्थिरावले. फरक इथेच पडला. आजोबा एकटे गेले होते. आपण संसारच तिकडे थाटला. मुलगे गेले तशा मुलीही नोकरीसाठी गेल्या.

जनगणनेत हे उमटलं आहे. २००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, २०११ मध्ये १६,१५,०६९. त्याच दशकात महाराष्ट्र सुमारे १६ टक्क्यांनी वाढला. जन्मदर उतरला हेही एक कारण आहे, पण तो राज्यभर उतरला होता. दर हजार पुरुषांमागे स्त्रियांचं प्रमाणही ११३६ वरून ११२२ वर आलं. जुन्या चाकरमान्याची बायकोमुलं इथे मोजली जात. आपली मुलं ठाण्यात, पुण्यात मोजली जातात, आणि तिथल्याच शाळांत जातात.

मात्र गावची कामं थांबलेली नाहीत. हापूसच्या बागा राखायला, मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून नेपाळची माणसं येतात, बांधकामाला कर्नाटकातली. तीही महिन्याचे पैसे घरी पाठवतात. म्हणजे चाकरमानी गावात आजही आहे, फक्त तो दुसऱ्याच्या गावचा आहे.

म्हणून एक सुचवते. शाळेच्या घटत्या पटाची काळजी प्रत्येक मेळाव्यात निघते. आपल्या स्नेहनिधीतला काही भाग या कामगारांच्या मुलांसाठी ठेवूया: पुस्तकं, गणवेश आणि मराठी शिकवण्याचा एक जादा तास. मुंबईच्या रात्रशाळांनी आपल्याकडच्या कितीतरी गिरणी कामगारांना शिकवलं, तेव्हा त्यांचं गाव कोणतं हे विचारलं नव्हतं. मेळाव्याच्या दिवशी मुख्याध्यापकांशी यावर बोलूया. पहिली वर्गणी माझी.

– माजी विद्यार्थिनी, दहावी १९९६