शब्दवेध : पायात येतो तो अडथळा

इंग्रजीतला ‘ब्लॉक’ ग्रीकमध्ये नेताना एका शब्दात भागत नाही. वाटेतला अडथळा म्हणजे ‘एम्बोदिओ’. त्यातला ‘पोद’ म्हणजे पाय, आपल्या ‘पाद’चा सख्खा भाऊ. जे पायात येतं, ते एम्बोदिओ! धरण म्हणजे ‘फ्राग्मा’. रक्तवाहिनी तुंबून येणारा हृदयविकाराचा झटका ‘एम्फ्राग्मा’. आपले डॉक्टर म्हणतात तो ‘डायफ्रॅम’ही याच कुळातला. बंदराची नाकेबंदी ‘अपोक्लिस्मोस’, म्हणजे बाहेरून कडी घालणं.

‘ब्लोको’ हा उसना शब्दही ग्रीकमध्ये आहे; पण तो जपून वापरावा. १७ ऑगस्ट १९४४ रोजी ग्रीसमधल्या पिरेयसजवळच्या कोकिनियात जर्मन सैन्याने वस्ती वेढून माणसं चौकात जमवली, अनेकांना गोळ्या घातल्या. त्या दिवसाचं नावच ‘ब्लोको’. शब्दकोश अर्थ देतो. जखम लोकांच्या आठवणीत असते.