लाकडी जोडा आणि विद्यापीठाची खुर्ची

गळ्यात दोरी, दोरीला एक जुना लाकडी जोडा, आणि तो जोडा छातीवर लोंबत असलेला सात-आठ वर्षांचा मुलगा. फ्रान्सच्या अगदी पश्चिम टोकाला ब्रिटनी नावाचा प्रांत आहे. तिथल्या खेड्यांतल्या शाळांतून एकोणिसाव्या शतकात, आणि पुढे विसाव्या शतकातही बरीच वर्षे, हे दृश्य पाहायला मिळे. मुलाचा गुन्हा एवढाच, की खेळता खेळता त्याच्या तोंडून घरची भाषा निघाली. ही घरची भाषा म्हणजे ब्रेटन. कुठे जोडा असे, कुठे लाकडाचा ठोकळा, कुठे फुटक्या पाटीचा तुकडा. पण त्याला 'गाय' म्हणण्याची चाल पुष्कळ ठिकाणी होती. गाय गळ्यात पडली की सुटका एकाच मार्गाने. दुसऱ्या कुणाला तरी ब्रेटन बोलताना पकडायचे आणि ती त्याच्या गळ्यात अडकवायची! शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात ती सापडेल, त्याला मास्तरांची शिक्षा. वीस-बावीस वर्षे मुलांच्या संगतीत काढल्यावर मला असे वाटते, की छडीचे वळ चार दिवसांत बुजतात. पण आपल्या सोबत्याच्या तोंडाकडे कान लावून बसण्याची ही सवय एकदा लागली की जात नाही.

आता याच काळातली दुसरी गोष्ट. १८८२ च्या मार्चमध्ये ज्यूल फेरी या मंत्र्याच्या कायद्याने फ्रान्सभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले, आणि शाळेची भाषा फ्रेंच, हे तर ठरलेलेच होते. त्याच १८८२ साली पॅरिसच्या 'कॉलेज द फ्रान्स' या मानाच्या संस्थेत केल्टिक भाषा आणि वाङ्मय यांचे अध्यासन निघाले, आणि आंरी दार्ब्वा द झ्युबेंव्हिल नावाचा पंडित त्यावर बसला. ब्रेटन ही केल्टिक कुळातलीच भाषा. म्हणजे खेड्यात जी तोंडातून निघाली तर शिक्षा, तिच्याच कुळाला राजधानीत व्यासपीठ! गंमत इथेच संपत नाही. शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात मुले घोकत होती, की आपले पूर्वज गॉल. हे गॉल कोण? केल्टच. ब्रेटन भाषा खुद्द गॉलांकडून आलेली नाही, ती पाचव्या-सहाव्या शतकांत समुद्र ओलांडून आलेल्या ब्रिटन लोकांनी आणली. पण नात्याने ती गॉलांच्या भाषेची जवळची बहीण. पूर्वजांचा अभिमान पुस्तकात, आणि त्यांच्या भाषेची बहीण दोरीला बांधून गळ्यात!

विद्यापीठांना ही भाषा गवसली कशी, ते ऐकण्यासारखे आहे. आयर्लंडचे भिक्षू आठव्या-नवव्या शतकांत युरोपभर विद्यादान करीत हिंडत. लॅटिन पोथ्या शिकताना नि शिकवताना ते ओळींच्या मधल्या जागेत बारीक अक्षरात आपल्या मायबोलीत अर्थ लिहून ठेवीत. आपली मुले इंग्रजी धड्यावर पेन्सिलीने मराठी अर्थ लिहितात ना, अगदी तसे. संत गॅलच्या मठातल्या व्याकरणाच्या पोथीत तर एका बुवाने समासात, आदल्या रात्रीचे मद्य फारच चढले असल्याचा शेरा जुन्या ओघम लिपीत मारून ठेवला आहे. मठाधिपतींना ती लिपी वाचता येत नसावी, असे आपण समजू या! ही टिपणे हजार वर्षे पोथ्यांत पडून होती. त्सॉइस नावाच्या एका बव्हेरियन शिक्षकाने ती जमवली, जुळवली आणि १८५३ मध्ये लॅटिनमध्ये 'ग्रामातिका केल्तिका' हा जाडजूड ग्रंथ लिहिला. केल्टिक भाषांचा शास्त्रशुद्ध अभ्यास तिथून सुरू झाला असे मानतात. बिचारा तीनच वर्षांनी वारला.

त्याच्याही आधी, १८३७ मध्ये, जिनिव्हाच्या पिक्तेने केल्टिक आणि संस्कृत यांचे नाते मांडले होते. या नात्याची खूण आपल्याला घरबसल्या पटते. ब्रेटनमध्ये दोनला 'दाऊ' म्हणतात, तीनला 'त्री', दाताला 'दांत', आणि दाराला 'दोर'. फिनिस्तेरच्या एखाद्या कोळिणीच्या दारात आपण उभे राहिलो, तर निदान दाराचे नाव तरी विचारावे लागणार नाही.

आणि हिंदुस्थानचा संबंध एवढ्यावर भागत नाही. व्हिटली स्टोक्स हा डब्लिनचा बॅरिस्टर १८६२ मध्ये आपल्याकडे आला नि वीस वर्षे राहिला. शेवटी तो व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदेमंत्री होता. विहिरीकडे जाणारी वाट, शेजाऱ्याची खिडकी, पन्हळीचे पाणी यांवरून आपल्या गावोगावी जे दावे चालतात, ते ज्या १८८२ च्या सुखाधिकारांच्या कायद्याखाली, त्याच्या घडणीत या माणसाचा हात होता. दिवसा हा कायद्याची कलमे लिही, आणि उरल्या वेळात जुन्या केल्टिक पोथ्यांशी बोले. जुन्या आयरिशमधले एक साक्षात्काराचे आख्यान त्याने १८७० मध्ये सिमल्यात छापले. आणि मध्ययुगीन ब्रेटनमधले एक प्रार्थनापुस्तक, भाषांतर आणि शब्दसूचीसकट, १८७६ मध्ये छापले ते कुठे, तर कलकत्त्यात! ब्रिटनीतल्या मुलाने ज्या भाषेत मास्तरांसमोर पाणी मागायचे नाही, त्या भाषेतली प्रार्थना हुगळीकाठच्या छापखान्यात खिळ्याखिळ्याने जुळवली जात होती.

पुढे ब्रिटनीतही सोय झाली. रेनच्या विद्याशाखेत जोसेफ लोत हा तिथलाच, ब्रेटन मुलखातला माणूस, १८८३ च्या सुमारास केल्टिक शिकवू लागला. वेल्सच्या जुन्या 'माबिनोगिओन' कथा त्याने फ्रेंचमध्ये आणल्या. मात्र रेन शहराच्या आसपास ब्रेटन बोलत नाहीत, तिथे 'गालो' नावाची फ्रेंचच्या नात्यातली बोली. म्हणजे विद्यापीठ भाषेच्या मुलखाबाहेरच. पॅरिसच्या त्या अध्यासनाची कीर्ती एवढी, की १८९८ मध्ये जॉन सिंग हा आयरिश तरुण आपल्या पूर्वजांची विद्या एका फ्रेंच पंडिताकडून ऐकायला तिथे जाऊन बसला. पण त्याच वर्षी तो ॲरन बेटांवर कोळ्यांच्या झोपड्यांत राहायला गेला, आणि त्याची नाटके जन्मली ती तिथल्या बोलण्यातून. निवड माझ्यावर सोपवली, तर मी वर्गापेक्षा झोपडीलाच अधिक गुण देईन.

इतके झाल्यावर त्या खेड्यातल्या मास्तरांना राक्षस ठरवणे सोपे आहे. मला ते जमत नाही. त्यांच्यातले कितीतरी स्वतः ब्रेटन शेतकऱ्यांची मुले होते. फ्रेंच येत नाही म्हणून त्या मुलखातल्या पोरी पॅरिसमध्ये मोलकरणी होतात आणि पोरे हमाली करतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. १९०५ पासून पॅरिसच्या एका मुलींच्या साप्ताहिकात बेकासीन नावाची ब्रेटन मोलकरीण चित्रकथेतून येऊ लागली. गोल चेहरा, डोक्याला टोपडे, भाबडी. आणि चित्रकाराने तिला तोंडच काढले नाही. आईबापांनाही आपले मूल असे बिनतोंडाचे राहायला नको होते, म्हणून मास्तरांचे करणे त्यांना मान्य होते. फक्त, एक भाषा द्यायची तर दुसरी काढून घेतलीच पाहिजे, हे कुणी ठरवले, ते कळत नाही. दोन भाषा मुलाच्या डोक्यात सुखाने नांदतात, हे आपल्याकडच्या सीमाभागातले कुठलेही पोर दाखवून देईल.

पिएर-झाकेझ एलिआस हा १९१४ मध्ये शेतमजुराच्या घरी जन्मलेला मुलगा या 'गाई'च्या राज्यात वाढला. गाय गळ्यात पडल्याचे घरी कळले की घरीही मार बसे, हे त्यानेच सांगून ठेवले आहे. तो फ्रेंच शिकला, कँपेरच्या अध्यापक विद्यालयात शिक्षक झाला, आणि ब्रेस्टच्या विद्यापीठात केल्टिकचेही पाठ देऊ लागला. १९७५ मध्ये त्याने आपल्या बालपणावर 'ल शवाल दॉरग्य' हे फ्रेंच पुस्तक लिहिले, आणि ते फ्रान्सभर हातोहात खपले. गळ्यातला जोडा आणि विद्यापीठाची खुर्ची या दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला आल्या, त्या अशा.

कायदा मात्र बैलगाडीच्या चालीने सरकत होता. १९५१ मध्ये ब्रेटनला शाळेत ऐच्छिक विषय म्हणून जागा मिळाली. १९७७ मध्ये काही पालकांनी ब्रेटन माध्यमाची स्वतःची शाळा काढली आणि तिला नाव दिले 'दिवान'. आपल्याला दरबारातला दिवाण आठवतो. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ अंकुर. १९८१ मध्ये रेनला ब्रेटनची पदवी सुरू झाली. १९९२ मध्ये 'प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच' हे वाक्य राज्यघटनेत आले, आणि त्याच्या आधारे घटना परिषदेने २०२१ मध्ये संपूर्ण ब्रेटन माध्यमाचे शिक्षण घटनेत बसत नाही, असा निकाल दिला. 'दिवान'च्या शाळा तरीही चालू आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी दहा लाखांहून अधिक लोक ब्रेटन बोलत. २०१८ च्या पाहणीत ते दोन लाखांच्या आसपास भरले, आणि २०२४ च्या पाहणीत एक लाख सात हजारांच्या आसपास.

रेन आणि ब्रेस्ट इथे आजही तरुण मुले ब्रेटन शिकतात. पुष्कळांना ती आईकडून मिळालेली नसते. आईला ती तिच्या आईने मुद्दामच दिलेली नसते. मग सुट्टीत ही मुले आजीकडे जातात आणि पुस्तकातली वाक्ये जपून जुळवून तिच्याशी बोलू पाहतात. आजीला ते उच्चार थोडे परके वाटतात. ती ऐकून घेते, हसते, आणि पुष्कळदा सवयीने फ्रेंचमध्येच उत्तर देते.