भोंगा आणि रीसेट

भोंगा झाला की हजारो हात एकदम कामाला लागत, हे लालबाग-परळच्या श्रोत्यांना आम्ही सांगावयास नको. संगणकात मात्र रीसेटनंतर, म्हणजे नव्या आरंभी, सर्व प्रोसेसर एकदम धावले तर गोंधळच. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली घडविलेल्या ‘परम ८०००’ मध्ये इनमॉसचे ट्रान्सप्यूटर होते. दुव्यावरून सुरू होणारा ट्रान्सप्यूटर रीसेटनंतर शेजाऱ्याकडून आज्ञावली येईपर्यंत स्वस्थ थांबे. आजच्या अनेक गाभ्यांच्या चिपांतही बहुधा एक गाभा आधी उठतो. मग फर्मवेअर इतरांना मोकळे करते. ट्रान्सप्यूटरला ‘अ‍ॅनलाइज’ नावाचीही एक खूण देता येई: तिने तो थांबे, पण स्मृती शाबूत राही, बिघाडाची चौकशी होई. अपघातानंतर साचा पुन्हा सुरू करण्यापूर्वी आम्ही कामगार तरी दुसरे काय मागत आलो?